कुंभारणीची खोली

१

दुपारी दोन ते चार बाग झोपते, असं आत्याचं म्हणणं होतं. बाग कसली झोपते, झोपायची ती आत्याच. पण एकट्या माणसाला आपल्या सवयी कुणाच्या तरी नावावर खपवाव्या लागतात. जेवण झालं की ती मागच्या खोलीत जाई, दार लोटून घेई आणि आडवी होई. त्या खोलीला लागूनच पाण्याची टाकी होती, त्यामुळे भर उन्हाळ्यातही भिंत गार असे.

उजाडल्यापासून तोवर ती लिंबाच्या झाडांत असे. बोटाएवढ्या फांदीची अंगठीइतकी साल काढायची, घमेल्यातली ओली माती तिथे थापायची, वर गोणपाट गुंडाळायचं आणि सुतळीने आवळायचं. याला गुटी बांधणं म्हणतात. दोन-अडीच महिन्यांत त्या मातीत मुळं फुटतात. मग फांदी कापून कुंडीत लावली, की झालं नवं झाड. तीस वर्षं ती हेच करत आली होती. तिची सुतळीची गाठ डोळे मिटून बसायची आणि वादळातही सुटायची नाही.

त्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाने आपल्या दोन मुली तिच्याकडे आणून सोडल्या. मुलींची आई जाऊन आठ महिने झाले होते. भावाचं काम पुलांच्या बांधकामावर, आज इथे तर उद्या तिथे. फाटकाशी उभा राहून तो म्हणाला, "ताई, सात आठवडे बघू. रुळल्या तर इथल्याच शाळेत घालू. नाही रुळल्या तर वसतिगृह आहेच."

"बघू की," आत्या म्हणाली. जशी काही तिची अडचणच होणार होती. पण तो वळणावर दिसेनासा व्हायच्या आत तिने कपाटातले दोन जादा कप काढून धुतले होते. किती वर्षं त्या घरात एकच कप विसळला जात होता, हे तिलाही मोजता आलं नसतं. मुली राहाव्यात, एवढंच तिला हवं होतं, आणि इतकं हवं होतं की ते तोंडाने म्हणायचीही तिला भीती वाटत होती.

पहिला आठवडाभर मुली बोलल्याच नाहीत. थोरली दहा वर्षांची, धाकटी सहा. सकाळी उठल्या की ओठांवर बोट ठेवून एकमेकींना म्हणायच्या, "अळी मिळी गुप चिळी," आणि जी आधी बोलेल ती हरली. दिवसभर कुणी हरत नसे. आत्यालाही बोलण्याचा सराव कुठे होता. तीन माणसांच्या त्या घरात भांडीच काय ती बोलत.

माय मरो आणि मावशी जगो, असं म्हणतात. आत्यासाठी तशी म्हण कुणी केलेली नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, एवढीच काय ती तिची नोंद. आत्या पडल्या पडल्या हे आठवून एकटीच हसायची, आणि मग तिला फार वाईट वाटायचं.

२

गुपचिळी मोडली ती धाकटीने.

"आत्या," ती धावत आली, "चिमणीची शी चालते!"

आत्या गुटी बांधायची सोडून उठली. लिंबाच्या कोवळ्या पानावर काळी-पांढरी अळी होती, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. "कुणी खाऊ नये म्हणून तसं सोंग घेते," ती म्हणाली. मग शेजारच्या फांदीवरची मोठी झालेली हिरवी अळी तिने काडीने डिवचली. अळीने डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. थोरली पहिल्यांदाच हसली.

त्यानंतर दोघी घरात ठरेनात. पानाच्या आत बोगदा खोदत जाणारी नागअळी त्यांना सापडली. गवळी गाई राखतो तशा माव्याचे किडे राखणाऱ्या मुंग्या सापडल्या. कातीतून अर्धा बाहेर आलेला एक टोळ सापडला, तर तो पूर्ण बाहेर येईपर्यंत दोघी जेवायला आल्या नाहीत. आत्या रागावल्यासारखं करी आणि वाट बघत ताटावर बसून राही. रात्री उशीला डोकं टेकलं की तिला वाटे, आता राहतील. नक्की राहतील.

फक्त वेणी मात्र थोरली घालू देत नसे. "आईची वेगळी असायची," म्हणे. "पाचपेडी." आत्याला तीनपेडीच येत होती. थोरली मग केस मोकळे सोडून हिंडायची.

चौथ्या आठवड्यात त्यांना मागच्या खोलीच्या खिडकीवर मातीचा एवढासा घट दिसला. सुपारीएवढा, वर चिमुकलं तोंड असलेला. सडपातळ कमरेची एक माशी तोंडात मातीची गोळी धरून आली, भुणभुणत ती लिंपून गेली.

"ही कुंभारीण," आत्या म्हणाली. एरवी ती असली घरं खुरप्याने खरवडून टाकायची. पण त्या दिवशी दोघी तिला दोन्ही बाजूंनी चिकटून उभ्या होत्या, आणि तिची आजी सांगायची ती गोष्ट तिला आठवली. "हिला स्वतःचं पोर नसतं. म्हणून ती दुसऱ्याची अळी उचलून आणते, या घरात कोंडते आणि भोक बुजवते. मग बाहेर बसून सारखं गुणगुणते, माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो. ऐकून ऐकून अळी तिच्यासारखीच होते. मग घर फोडून बाहेर येते ती कुंभारीण."

"कुणाचीही अळी चालते?" धाकटीने विचारलं.

"कुणाचीही."

"तिला व्हायचं नसेल तरी?" थोरलीने विचारलं.

"अळीला कोण विचारतंय," आत्या हसून म्हणाली. आपण हे का सांगितलं, याचा तिने नंतर पुष्कळदा विचार केला. गोष्ट सांगताना तिच्या मनात ती स्वतः कुंभारीण होती आणि या दोघी अळ्या. माणूस आपल्याला सोयीची बाजू आधी घेतो.

३

दुसऱ्या दिवशी दोघींनी भिंतीवरचं एक तोंड बुजलेलं घर सुईने उघडलं आणि आतला ऐवज कागदावर ओतला. सहा-सात बारीक हिरव्या अळ्या निघाल्या. मेलेल्या नव्हत्या, पण हलत नव्हत्या; टोचलं तर शेपटी किंचित थरथरे. त्यांच्यातल्या एकीला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी चिकटलं होतं आणि सावकाश खात होतं.

थोरलीने ते आत्याच्या भिंगातून बराच वेळ पाहिलं. "आत्या, तू सांगितलंस तसं नाहीये. कुंभारीण आत अंडं घालते. त्यातून निघालेलं पोर अळीला खातं. अळी कुणासारखी होत नाही. अळी राहतच नाही."

"असेल बाई," आत्या म्हणाली. "आमची आजी काही भिंग लावून बसली नव्हती."

धाकटी कागदाजवळ उकिडवी बसली होती. "पण घरातून शेवटी कुंभारीणच येते ना?"

"येते," थोरली म्हणाली.

"मग झालं तर."

४

दोन दिवसांनी दुपारी आत्या मागच्या खोलीत गेली तर दाराचं किल्लीचं भोक मातीने बुजलेलं होतं.

यात नवल काहीच नव्हतं. कुंभारणी किल्लीची भोकं बुजवतात, नळ्या बुजवतात, विजेच्या बटणांच्या खाचासुद्धा सोडत नाहीत. तिने नखाने माती उकरली. मातीत गोणपाटाचा एक धागा होता. म्हणजे ही माती गुटीच्या घमेल्यातली. माशीही बिचारी जवळची ओली माती सोडून लांब कशाला जाईल, असं म्हणून आत्या आडवी झाली. मातीवर उमटलेला एवढासा अंगठा तिने पाहिला होता, पण पाहिलं नाही असं ठरवलं. पोरींचा खेळ, दुसरं काय.

डोळा लागता लागता भुणभुण ऐकू आली. एकसुरी, बारीक, कानाच्या पडद्याला जेमतेम शिवणारी. तिने खिडकीची झडप, छताचे कोपरे, कॉटखालची जागा, सगळं पाहिलं. माशी नव्हती. ती पुन्हा पडली आणि ऐकत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की भुणभुण मधेच थांबते. थोडी थांबते आणि पुन्हा सुरू होते. माशीला श्वास घ्यायला थांबावं लागत नाही.

"पोरींनो, पुरे," ती म्हणाली आणि उठून तिने झडप उघडली. दोघी बागेच्या पार टोकाला होत्या, विहिरीपाशी, एकाच पानावर डोकी वाकवून. ऊन मी म्हणत होतं. पाण्याची टाकी गप्प होती. ती दोघींकडे बघत असतानाही ते बारीक गुणगुणणं खोलीत चालूच होतं.

पुढच्या चार दिवसांत किल्लीचं भोक पुन्हा बुजलं, खिडकीच्या झडपांच्या फटी बुजल्या, पंख्याच्या तारेभोवतीचं भोक बुजलं, दाराची खालची फट बुजली. आत्या रोज ठरवायची, आज खरवडून काढू. पण खोली आणखी गार झाली होती, आणि तिथे झोप फार छान लागत होती.

५

एका सकाळी थोरली आरशासमोर बसली होती, म्हणून आत्याने नुसता कंगवा हातात घेतला. थोड्या वेळाने तिने आरशात पाहिलं. धाकटी तोंडाचा आ करून बघत होती. थोरलीच्या पाठीवर पाचपेडी वेणी होती, रुंद, चपटी, एकही केस न सुटलेली.

"तुला येत नव्हती," थोरली हळूच म्हणाली.

"बघून बघून येतं," आत्या म्हणाली. कुणाला बघून, ते तिला सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी ती घमेलं घेऊन झाडाखाली बसली. साल काढली, माती थापली, गोणपाट गुंडाळलं, सुतळी घेतली आणि थांबली. पुढे काय करतात ते तिला आठवेना. सुतळीचं टोक कुठून घालायचं, कुठे अडकवायचं, बोटांना काही म्हणजे काही सुचेना. तीस वर्षांची गाठ. तिने साधी गाठ मारली, तीही सुटली. कात्री डाव्या हातात होती.

"आईपण डावरी होती," धाकटी मागून म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं.

आत्याने कात्री खाली ठेवली. आतून काहीतरी कमी होतंय, रोज तांदळाच्या दाण्याएवढं, असं तिला स्पष्ट जाणवलं.

रविवारी दहाला भावाचा फोन आला. मुली बोलल्या, हसल्या, अळ्यांची नावं सांगितली. मग आत्याने फोन घेतला. भाऊ खूश होता. "ताई, अगं पोरींचा आवाजच बदललाय. मी येत्या शनिवारी येतोय, दुपारी. मला वाटतं, इथेच शाळेत घालू." एवढ्यासाठी तर सगळं चाललं होतं. भाऊ शाळेबद्दल, वह्यांबद्दल बोलत राहिला आणि मधेच थांबला.

"मागे कोण गुणगुणतंय?"

"कुठे काय?"

"ताई, तीच चाल. ती ओट्याशी उभी राहून असंच..."

आत्याने मुलींकडे पाहिलं. दोघी पायरीवर बसल्या होत्या, ओठांवर बोट ठेवून, गुपचिळी. तिने फोन ठेवला. घर अगदी शांत होतं. मग तिने हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला तेव्हा तळव्याला ती बारीक थरथर लागली.

६

शुक्रवारी थोरली एकटी सापडली तेव्हा आत्याने तिला धरून बसवलं. "खरं सांग. मागच्या खोलीत माती कुणी लावली?"

थोरलीने सांगून टाकलं. "आम्ही फक्त किल्लीचं भोक बुजवलं. खेळ म्हणून. तू सांगितलं होतंस ना, कुणाचीही चालते."

"आणि बाकीची?"

"बाकीची तू लावतेस. दुपारी. घमेलं घेऊन जातेस आणि बोटाने भरतेस. आम्ही हाक मारली. तू वळून बघितलंस, पण ते तू बघतेस तसं नव्हतं."

आत्याने हात पुढे करून नखं पाहिली. बागकाम करणाऱ्या बाईच्या नखांत माती असायचीच. पण ही ताजी होती, आणि सकाळपासून तिने घमेल्याला हात लावलेला नव्हता.

"आता एकच भोक राहिलंय," थोरली म्हणाली. "खिडकीच्या वरच्या काचेपाशी. आत्या, तू बाहेरच्या खोलीत झोप ना."

"तुला नकोय का? आई?"

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हवीये. पण मला तूपण आवडायला लागली आहेस. आणि अळी राहत नाही ना. मी बघितलंय."

आत्याने तिला जवळ घेतलं. असं बोलायला जगात कुणीतरी आहे, याचाच तिला एवढा आनंद झाला की भीती क्षणभर बाजूला पडली. "वेडी कुठली. मी उद्याच्या उद्या सगळं खरवडून टाकते," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

७

शनिवारी जेवण उरकल्यावर ती खुरपं घेऊन मागच्या खोलीत गेली. दार लोटलं तेव्हा खालची माती जमिनीला घासून मऊ आवाज झाला. खोलीत काळोख होता. वरच्या काचेपाशी अंगठ्याएवढं भोक होतं, तिथून उन्हाची काडी आत येऊन कॉटवर टेकली होती. थोडा वेळ पडू, मग सुरुवात करू, असं तिने ठरवलं. भिंत गार होती.

पडल्या पडल्या ती हिशोब करून बघत होती, काय काय अजून आठवतं. फाटकाचा रंग आठवला. आजीचा आवाज नाही आठवला. गाठ नाही आठवली. भाऊ लहान असताना ती त्याला कडेवर घेऊन बागेत हिंडायची, ते आठवलं, पण लांबून, कुणी सांगितल्यासारखं. जन्मात तिने त्याला 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती. ते एवढं मात्र घट्ट धरून ठेवायचं, ती म्हणाली. अरे. अरे. आणि त्याच्या आड ओळीने दुसरंच काही येऊन उभं राहत होतं: एक ओटा, तिने कधी न वापरलेला, एक दार, संध्याकाळी दारात वाजणारे बूट.

भावजय तिला फारशी ठाऊकच नव्हती. सणासुदीला, लग्नकार्याला भेट व्हायची तेवढीच. पण एक लकब तिला माहीत होती. भाऊ बाहेरून आला की बूट काढायच्या आत भावजयीची आतून हाक यायची, 'आ' जरा लांबवून: अहो, आलात का? रोज तेच, जणू तो न येण्याचीही शक्यता होती. आत्या पाहुणी म्हणून ऐकायची आणि तिला वाटायचं, आपल्या घरात हे कुणी कुणाला विचारत नाही.

उन्हाची काडी विझली. तिने वर पाहिलं. भोकाला एक डोळा लागला होता. धाकटी बाहेर स्टुलावर चढली असणार.

"झालं का?" डोळ्याने विचारलं.

आत्या उठून बसली. खुरपं हातात होतं, डाव्या. दोन पावलांवर खिडकी होती. एक घाव घातला असता तर झडपेची सगळी माती खाली आली असती, ऊन आत आलं असतं, आणि तिने म्हटलं असतं, अगं मी आत्या. मुली तरीही राहिल्या असत्या. आत्याजवळ राहिल्या असत्या, वेणी न घालू देता, रडू आलं की बागेत जाऊन. थोरलीने तर तसं सांगितलंही होतं. तेवढं पुरेसं होतं. तिला ते पुरेसं वाटायला हवं होतं.

"आई?" धाकटी म्हणाली. अगदी हलक्या आवाजात, पाण्यात पाय घालून बघावा तसं.

आत्याला कुणीही, कधीही, चुकूनसुद्धा त्या नावाने हाक मारली नव्हती.

तिने खुरपं कॉटवर ठेवलं. बाहेर थोरलीचा आवाज आला, "नको गं, उतर खाली, उतर," आणि मग फाटक वाजलं. थोरली "बाबा!" म्हणून धावत सुटली. पायरीवर पावलं चढली. पडवीत पिशवी टेकल्याचा आवाज झाला.

"ताई?" भावाने हाक मारली. "अगं ताई, झोपलीस का?"

त्याचा आवाज तिने लगेच ओळखला, आणि तिला बरं वाटलं. अरे थांब, आले, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. वर काचेपाशी ओल्या मातीचा गोळा बोटाने दाबून बसवला जात होता, आणि गळ्यातली थरथर आपोआप थांबली, जिथे जायचं तिथे पोचल्यासारखी.

"अहो," ती आतून म्हणाली, "आलात का?"

पडवीत एक बूट पडल्याचा आवाज आला. दुसरा आलाच नाही.